मिलिंदच्या पोटावरची खूण

लोक परदेशाहून आले की फोटो दाखवतात. माझ्याकडे तीन आठवड्यांचे एकूण एकोणीस फोटो आहेत आणि त्यांतले अकरा कागदांचे आहेत. जर्मनीत मी एक हॉस्पिटल, एक बेकरी, एक नदीकाठचा रस्ता आणि माझ्या धाकट्या भावाचं दोन खोल्यांचं घर एवढंच पाहिलं. किल्ले आणि बर्फाचे डोंगर यांच्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी विचारावं लागेल.

मिलिंद सत्तेचाळीस वर्षांचा आहे. बारा वर्षं तिथल्या एका मध्यम शहरात सॉफ्टवेअरचं काम करतो. लग्न केलेलं नाही. त्याला गुदाशयाचा कॅन्सर निघाला. केमो आणि रेडिएशन तिथेच झालं. मग ऑपरेशनपर्यंत काही आठवडे थांबायचं होतं, आणि तेवढ्या अवधीत त्याने मनाशी ठरवलं की ऑपरेशन पुण्यात करायचं. फोनवर म्हणाला, "दादा, इथे सगळं चांगलं आहे. पण शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य जर्मनमध्ये ऐकायला नको वाटतं."

आई विश्रांतवाडीला माझ्याकडे असते. तिचं म्हणणं एकच होतं. "माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे, काय व्हायचं ते."

मी भोसरीत, गिअरचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. सव्वीस वर्षं मोजमापं तपासतो आहे. म्हणून मिलिंदने निर्णय माझ्यावर टाकला. "दोन्हीकडचे कागद तपास. तू सांगशील तिथे पोट उघडतो."

पुणे, निघण्याआधी

नवी वही घेतली, रकाने आखले आणि मिलिंदचे रिपोर्ट घेऊन दोन ठिकाणी गेलो.

पहिलं मोठं हॉस्पिटल. दर्शनी भिंतीवर चार प्रमाणपत्रं, काचेत, दिवे लावून. ती मी एकेक करून वाचली. हातांची स्वच्छता, आगीपासून सुरक्षा, औषधांची साठवण, नोंदी ठेवण्याची पद्धत. सगळी कामाची. पण ती इमारतीची होती. ह्या एका आजाराचं, ह्या एका ऑपरेशनचं काय, ते त्यांत नव्हतं. मी चौकशीच्या खिडकीत विचारलं, "गुदाशयाची ऑपरेशनं इथे वर्षाला किती होतात?"

खिडकीतल्या ताई चांगल्या होत्या. त्यांनी तीन फोन केले. शेवटी म्हणाल्या, "काका, असं कोणी विचारत नाही हो. लोक डिस्काउंट विचारतात."

दुसरे एक सर्जन, बुधवार पेठेत दिव्यांच्या माळा विकणाऱ्या दुकानांच्या वर बसणारे. भिंतीवर एक कॅलेंडर, बाकी काही नाही. माझ्या आधी मार्केट यार्डातले एक हमाल होते, साधारण माझ्याच वयाचे. पडदा अर्धाच ओढलेला, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"पोतं कुठल्या खांद्यावर घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"उजव्या, सायेब."

"आणि उचलताना कुठे टेकतं?"

"हितं. पोटाला."

"घरी जेवायला कसे बसता? इथे बसून दाखवा बरं." डॉक्टरांनी कोपऱ्यातली सतरंजी पसरली. हमालदादा बसले. मग उठले, वाकले, पुन्हा बसले. डॉक्टर विचारत होते की करगोटा कुठे बांधता, झोपता कुठल्या कुशीवर. मी घड्याळ पाहिलं.

माझा नंबर लागल्यावर मी माझा प्रश्न विचारला. वर्षाला किती करता?

"तुम्ही इन्कम टॅक्सचे का?" ते म्हणाले. पण मग त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली आणि आकडा सांगितला. त्यांतली किती बिघडली तेही सांगितलं, न अडखळता. प्रमाणपत्राबद्दल विचारल्यावर म्हणाले, "मी तीन हॉस्पिटलांत ऑपरेशन करतो. प्रमाणपत्र हॉस्पिटलला मिळतं, माझ्या हातांना नाही. तुमच्या भावाला तिथे पाच-सहा डॉक्टर मिळून बघतायत ना? मग विमानात कशाला बसवता? घरी यावंसं वाटतंय, ते मला समजतं. पण त्यावर एक सोपा उपाय आहे."

"काय?"

"तुम्ही तिकडे जा."

खाली उतरल्यावर वहीत लिहिलं: प्रमाणपत्र नाही. आकडे स्वतःचे, पडताळणी शक्य नाही. हमालास बावीस मिनिटं. त्यातली चौदा गप्पांत गेली.

तरी सल्ला त्यांचाच घेतला. आईला समजावायला चार दिवस लागले. निघताना तिने बुद्धांच्या फोटोसमोर मला उभं केलं, त्रिशरण म्हटलं, आणि मेतकुटाचा डबा पिशवीत स्वतः ठेवला.

मिलिंदचं घर

तो स्टेशनवर घ्यायला आला. अकरा किलो वजन उतरलेलं होतं. त्याने माझी बॅग उचलायला हात घातला, मी ती दुसऱ्या हातात घेतली.

घर स्वच्छ होतं आणि त्यात जेवणाचं टेबल नव्हतं. बारा वर्षं हा मनुष्य चटई टाकून, मांडी घालून जेवतो आहे. "पाहुणे आले की?" मी विचारलं. "त्यांनाही बसवतो. दुसऱ्यांदा येत नाहीत."

पाव तिथे तीस-चाळीस प्रकारचे मिळतात आणि त्यांतल्या बऱ्याचशांचं कवच हिरड्या सोलून काढतं. मी तिसऱ्या दिवशी शरण गेलो आणि दूधभातावर आलो. पहिल्या रविवारी माझ्या हातून गुन्हा घडला. रिकाम्या बाटल्या साठल्या होत्या, म्हणून रस्त्यावरच्या काचेच्या पेटीत टाकून आलो. संध्याकाळी शेजारच्या आजींनी दाराच्या फटीतून टाईप केलेली चिठ्ठी सरकवली. मिलिंदने वाचून दाखवली: आपल्या भावाचे स्वागत असो, रविवारी काच टाकू नये असे पेटीवर लिहिलेले आहे, अक्षरे पुरेशी मोठी आहेत. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना थोडं मेतकूट नेऊन दिलं. त्यांनी ते सूपमध्ये घातलं, असं नंतर कळलं.

हॉस्पिटल

इथलं प्रमाणपत्र शोधावं लागलं. आतड्याच्या कॅन्सरच्या विभागात, कॉफीच्या यंत्राशेजारी, साध्या चौकटीत होतं. ते फक्त ह्या विभागाचं आणि ह्याच आजाराचं.

त्या प्रमाणपत्राची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना मिलिंदने विनंती केली आणि त्यांनी मला पाऊण तास दिला. फ्राउ होल्त्स त्यांचं नाव. पन्नाशीच्या, माझ्यासारखाच वाचायचा चष्मा गळ्यात. इंग्रजी आम्हा दोघांचंही सारखंच कच्चं होतं, त्यामुळे छान जमलं. त्यांनी सांगितलं ते असं: दरवर्षी तपासणी होते. तपासायला येतात ते दुसऱ्या हॉस्पिटलांतले हेच काम करणारे डॉक्टर. ठरावीक संख्येपेक्षा कमी ऑपरेशनं झाली तर त्याचा जाब द्यावा लागतो. प्रत्येक रुग्णाची केस सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले अशा सगळ्यांनी एकत्र बसून बघितली, याचा कागद लागतो. आपल्याकडेही काही ठिकाणी अशी बैठक होते. इथे मिलिंदला तिचा कागद हातात मिळाला होता, सह्यांसकट.

मी माझा तोच प्रश्न विचारला. वर्षाला किती? त्यांनी एक छापील पुस्तिका काढून पान उघडून दिलं. जिथे अपेक्षेपेक्षा कमी पडले होते, तिथे राखाडी पट्टा होता आणि खाली कारण.

मला ते पटलं नाही. कारण मला तपासण्या माहीत आहेत. आमच्याकडे बाहेरचे तपासनीस वर्षातून एकदा येतात. त्याआधीच्या आठवड्यात कारखान्याच्या फरशीवर पिवळे पट्टे नव्याने मारले जातात, आणि मोजमापाची साधनं, म्हणजे गेज, तपासल्याच्या रजिस्टरमधले रिकामे रकाने दोन वेगळ्या पेनांनी भरले जातात, एका बैठकीत भरल्यासारखे दिसू नयेत म्हणून. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यातलं एक पेन माझं असतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी

ऑपरेशन दोन दिवस अलीकडे आलं. कोणाचं तरी रद्द झालं होतं, जागा मिळाली. मिलिंद दुपारी दाखल झाला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ह्या ऑपरेशनमध्ये आतला जोड भरून येईपर्यंत पुष्कळदा पोटावर एक तात्पुरतं तोंड काढतात आणि त्याला पिशवी लावतात. काही महिने शौच तिथून होते. त्याला स्टोमा म्हणतात. तो पोटावर नेमका कुठे असावा, याची खूण आधीच पेनने करायची असते. ते काम करणारी खास नर्स असते. जागा चुकली तर पिशवी नीट चिकटत नाही, गळते, कातडी सोलवटते, आणि माणूस घराबाहेर पडायला घाबरतो.

चार वाजता मी खाटेशेजारी बसून उद्याच्या तयारीचा तक्ता वाचत होतो, फोनवर एकेक ओळ मराठीत करून. सवय आहे, छापील तक्ता दिसला की वाचतो. नववी ओळ होती स्टोमाच्या नर्सची. पुढे टिक केलेली.

"ही बाई कधी आली?" मी विचारलं.

"महिन्यापूर्वी भेटली होती की. माहितीपत्रक दिलं होतं."

"आणि खूण?"

मिलिंद छताकडे बघायला लागला. "वॉर्डातली नर्स आहे ना, लेना, तिने विचारलं, स्टोमाची नर्स भेटली का? मी हो म्हटलं. ती पोरगी सकाळपासून धावतेय दादा. नाही म्हटलं असतं तर तिला बोलणी बसली असती."

"शर्ट वर कर."

"दादा—"

"वर कर."

पोट कोरं होतं. रेडिएशनचे जुने, पुसट ठिपके तेवढे होते.

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "सर्जनला कळतं कुठे काढायचं ते. उगीच बोललो आणि ऑपरेशन पुढे ढकललं म्हणजे? पुन्हा कधी नंबर लागेल? आईला काय सांगू? एक टिक आहे रे ती."

मी त्याला तेव्हा दोन पेनांची गोष्ट सांगितली. घरात कोणालाच माहीत नव्हती ती. सांगून झाल्यावर म्हटलं, "मी अशा टिका केल्यात मिलिंद. त्यांच्यामागे काय असतं ते मला ठाऊक आहे. काही नसतं."

"तुझ्याकडे गिअर असतात. परत पाठवता येतात."

"म्हणूनच म्हणतोय."

 मग त्याने स्वतःच घंटी दाबली. लेना आली. मिलिंद जर्मनमध्ये बोलला, मला त्यातलं फक्त "सॉरी" समजलं. तिचा चेहरा पांढरा पडला, पण ती त्याच्याशी भांडली नाही. तिने पोटाकडे नजर टाकली, तक्ता उचलला आणि गेली.

नंतरचा सव्वा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यांत लांब होता. मिलिंद भिंतीकडे तोंड करून पडला होता. ऑपरेशन पुढे गेलं तर दोष माझा होता. नेहमीची स्टोमा नर्स रजेवर होती, असं कळलं. तारीख अलीकडे आली, तो निरोप तिच्या जागी असलेल्या बाईंपर्यंत पोचला नव्हता.

साडेपाचला त्या आल्या, दुसऱ्या इमारतीतून सायकलवर, डोक्यावर अजून हेल्मेट. बिर्गिट नाव. त्यांनी मिलिंदला झोपवलं, बसवलं, उभं केलं, पुढे वाकवलं. पँट कुठे बांधतो ते पाहिलं. पोटाच्या उजव्या बाजूला पेनने गोल काढला. मग विचारलं, घरी जेवायला कसा बसतोस?

"खुर्चीवर," मिलिंद म्हणाला.

"खोटं बोलतोय," मी इंग्रजीत म्हटलं. "जमिनीवर बसतो."

बिर्गिटबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, कपाटातून धुतलेली चादर काढली आणि फरशीवर पसरली. "दाखव."

सत्तेचाळीस वर्षांचा माझा भाऊ हॉस्पिटलच्या फरशीवर मांडी घालून बसला. त्याचं पोट नीट बघता यावं म्हणून बाई स्वतःही समोर खाली बसल्या, हेल्मेटसकट. त्याने ताटाकडे वाकल्यासारखं केलं, आणि पोटाची घडी पेनच्या गोलावर बरोबर मिटली. गोल दिसेनासा झाला.

त्यांनी ओल्या कापसाने खूण पुसली. दोन बोटं वर दुसरी काढली. पुन्हा वाकायला लावलं. या वेळी गोल दिसत राहिला. "रोज असाच बसतोस?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"मग इथेच."

आणि तेव्हा, त्या चादरीकडे बघताना, मला बुधवार पेठेतली सतरंजी आठवली.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी झालं. पावणेपाच तास लागले. मला आत सोडलं तेव्हा तो अर्धवट शुद्धीत होता. काय बोलायचं ते मी पुण्याहून निघाल्यापासून ठरवून ठेवलं होतं, पण ऐन वेळी तोंडातून निघालं, "झालं रे. पडून राहा." मराठीत होतं, एवढं खरं.

नाव लिहायची जागा

तिसऱ्या दिवशी फ्राउ होल्त्सनी मला बोलावलं. मी लेनाची बाजू मांडायची तयारी करून गेलो. चूक आमचीही होती; विचारलं तेव्हा हो म्हणणारा माणूस आमच्याच घरचा.

त्यांनी अर्ध्या पानाचा फॉर्म काढला आणि मला घडलं तसं सांगायला लावलं. भरून झाल्यावर तो माझ्याकडे वळवला. मी दोनदा वाचला.

"नाव कुठे लिहिता?" मी विचारलं.

"कोणाचं?"

"ज्याचं चुकलं त्याचं."

त्यांनी चष्मा काढला. "त्याला इथे जागा नाही."

आमच्या फॉर्मवर पहिलाच रकाना तो असतो. जबाबदार व्यक्ती. मग पुढचं सगळं लिखाण तो रकाना रिकामा राहावा यासाठी असतं. मी त्यांना तसं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, इथेही पूर्वी तसंच होतं, आणि अजूनही काही जण फॉर्म भरायला घाबरतात. मग मला विचारलं, तुम्ही हे काम करता, तुम्ही इथे असता तर काय बदललं असतंत?

असं मला सव्वीस वर्षांत कोणी विचारलेलं नाही. मी म्हटलं, "तक्त्यावर 'नर्स भेटली का' असं विचारू नका. पेशंट भिडेखातर हो म्हणेल. 'खूण दिसते का' असं लिहा. म्हणजे शर्ट वर करून बघावंच लागेल."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. दोन महिन्यांनी तपासणीला डॉक्टर येणार होते. हा कागद तेव्हा कुठे ठेवणार, असं मी विचारलं. "सगळ्यांत वर," त्या म्हणाल्या.

निघताना जिन्यात लेना भेटली. मी मान लववली. तिने स्वतःच्या टी-शर्टची कड बोटभर वर उचलल्याची नक्कल केली आणि हसली.

परत

मी निघायच्या आदल्या दिवशी मिलिंद घरी आला होता. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे तिथे कॅन्सर उरला नव्हता. पिशवी काही महिने राहील, मग तोंड बंद करतील, आणि पुढची काही वर्षं तपासण्या. आजार परत येईल का, ते आज कोणीच सांगू शकत नाही. मी पिठलं-भात केला. भिंतीला धरून, हळूहळू, तो चटईवर बसला. ताटाकडे वाकला. आम्ही दोघंही त्याच्या पोटाकडे बघत होतो. काही झालं नाही. पिशवी जागच्या जागी होती. "मीठ कमी आहे," तो म्हणाला. मी तिथूनच आईला व्हिडिओ लावला. तिला पिशवीचं सांगितलेलं नव्हतं. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मांडी घालून बसलाय म्हणजे बरा आहे."

पुण्यात आल्यावर कारखान्यात गेलो. माझ्या गैरहजेरीतले गेज तपासणीचे रकाने रिकामे होते. साहेबांनी दोन पेनं पुढे केली. मी त्या जागी लिहिलं, 'तपासणी झाली नाही', आणि सही केली. त्याचं पुढे काय होतं ते महिन्याभरात कळेल.

शनिवारी बुधवार पेठेत जिना चढलो. सर्जन एकटेच होते. सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला. "त्या बाई स्वतः खाली बसल्या?"

"बसल्या."

"मग चांगल्या आहेत." जरा थांबून म्हणाले, "आणि माझ्याबद्दल काय लिहिलं होतंत वहीत? लिहिलं होतंच तुम्ही. घड्याळ बघत होतात, ते पडद्याच्या फटीतून दिसत होतं."

लपवण्यात अर्थ नव्हता. मी वही उघडून टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि आपलं पेन माझ्यापुढे सरकवलं.

आमच्या कामात नोंद चुकली तर खोडायची नसते. मूळ शब्द वाचता येईल अशी त्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर शब्द लिहायचा आणि खाली सही-तारीख. मी 'गप्पांत' ह्या शब्दावर तशी रेघ मारली. आता ती ओळ अशी आहे: हमालास बावीस मिनिटं, त्यातली चौदा तपासणीत गेली.